तुमच्या विंचूरकरांनीच घालवलं!

पिक्चर संपला की खरा पिक्चर सुरू होतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, डबे उघडले की! हीरो कसा दिसतो इथपासून इतिहास कोणी बिघडवला इथपर्यंत सगळ्यांची मतं तयार असतात. पण त्या वादात अचानक आपल्या गावाचं नाव आलं तर?

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. 'छावा' लागून तीनच दिवस झाले होते. बाणेरच्या एका ऑफिसात मी तेव्हा सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर कंटेंट लिहीत होते. लंच टेबलवर त्या दिवशी दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. आठ जणांच्या टेबलावर अकरा जण, तीन डबे आधीच संपलेले आणि आवाज असा की शेजारच्या टेबलावरची एचआरची मंडळी खुर्च्या उचलून लांब गेली.

असल्या वादातली माणसं तुम्हीही ओळखत असणार. एक असतो तो ट्रेलर बघूनच निकाल देतो आणि मग पिक्चर बघायचं नाव काढत नाही. दुसऱ्याने पुस्तक वाचलेलं असतं. म्हणजे निदान कपाटात तरी असतं. कलेक्शनवाल्याला कोटींच्या पुढे काही दिसत नाही. आणि एक 'मला तर बाबा आवडला' वाली असते, जिचं कोणी ऐकत नाही. (ती मीच!) रडू कोणाला आलं, कोणाला नाही आलं, विकी कौशलने वजन किती वाढवलं, औरंगजेब झालेला अक्षय खन्ना विणकाम का करत बसतो... सगळं झालं. टाइमपास मस्त चालला होता.

मग आमचा एक सीनियर, ज्याला आम्ही सगळे सर न म्हणता दादा म्हणतो, हात धुऊन आला आणि त्याने समारोप करावा तसं सांगून टाकलं. "मराठ्यांचा इतिहास म्हणजे काय, आपलेच आपल्याला नडले. इथे शिर्के, तिथे पानिपतात विंचूरकर." आणि मग टेबलाच्या टोकाला बघून, "अरे, तू विंचूरचाच ना? तुमच्या विंचूरकरांनीच घालवलं पानिपत!"

सगळे हसले. मीही हसले.

टेबलाच्या टोकाला टेस्टिंगमधला आमचा मित्र बसला होता. मुक्काम पोस्ट विंचूर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. डब्यात बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी. हातातला घास त्याने परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, "पुरावा काय?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठून गेला. पुढचे चार दिवस तो लंचला आलाच नाही. जागेवरच बसून खायचा. हेडफोन लावून.

गंमत म्हणजे तो विंचूरकर नाहीच! आडनाव अगदी वेगळं. घर कांदेवाल्यांचं. सरदार विंचूरकरांच्या घराण्याशी नातं काय, तर त्याच्याच शब्दांत, "आमचे खापरपणजोबा त्यांच्या जमिनीत राबले असतील, फार तर." म्हणजे ज्या माणसासाठी त्याने डबा बंद केला, तो त्याचा कोणीच नव्हता. फक्त गावाचं नाव एक.

गाव सांगितलं नाही, तरी...

त्याच आठवड्यात पेपरात शिर्क्यांची बातमी येत होती. 'छावा'मध्ये गणोजी आणि कान्होजी संभाजीराजांचा ठावठिकाणा मोगलांना देतात असं दाखवलंय. शिर्के घराण्याच्या वंशजांनी त्यावर आक्षेप घेतला, १०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली आणि एक खुलासा केला. आम्ही पिक्चरमध्ये फक्त गणोजी आणि कान्होजी एवढीच नावं घेतली, आडनाव घेतलं नाही, गावही दाखवलं नाही, असा तो खुलासा होता.

मला तो खुलासा तेव्हा जाम विनोदी वाटला होता. गणोजी म्हटल्यावर शिर्के हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागतं? येसूबाईंचा सख्खा भाऊ तो. पण उतेकरांना एक गोष्ट बरोबर कळली होती. माणसं इतिहासातल्या माणसावरून भांडत नाहीत, आडनावावरून आणि गावावरून भांडतात. आणि विंचूरकरांच्या बाबतीत तर ही सोयसुद्धा नाही. आडनाव लपवलं तर गाव उघडं पडतं, गाव लपवलं तर आडनाव.

राजस्थानातही हेच झालं होतं. आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' ६ डिसेंबर २०१९ ला लागला. त्यात भरतपूरचा राजा सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो असं दाखवलं होतं. तिकडे जाट समाज रस्त्यावर उतरला, जयपूरमध्ये थिएटरची तोडफोड झाली आणि शेवटी अकराएक मिनिटांची काटछाट करावी लागली. गोवारीकरांना हे नवीन नव्हतं म्हणा. २००८ मध्ये 'जोधा अकबर'च्या वेळीही राजस्थानने त्यांना हिसका दाखवला होता. इकडे 'पानिपत' कादंबरीचे लेखक विश्वास पाटील हायकोर्टात गेले होते, पण पिक्चर लागायचा तो लागला.

आणि आपण महाराष्ट्रात त्या वेळी कशावरून भांडत होतो? अर्जुन कपूर भाऊसाहेब शोभतो का यावरून! ट्रेलर आल्या आल्या त्याच्या टकलावर आणि मिशांवर जोक सुरू झाले, 'बाजीराव मस्तानी'तल्या रणवीर सिंगशी तुलना झाली, आणि पिक्चर लागायच्या आधीच त्याचा निकाल लागला. पानिपत कोणी घालवलं हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही नव्हता. आमच्या मित्राने तो नाशिकला जाऊन पाहिला होता, तेव्हा तो कॉलेजात होता. "काय आठवतं त्यातलं?" मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "अजय-अतुलची गाणी. आणि इंटरव्हलमधला वडापाव."

मग २०२५ मध्येच एवढं का लागलं? कारण त्या एका वाक्यात दोन माणसं एका दावणीला बांधली होती. शिर्के आणि विंचूरकर. एकावर फितुरीचा आरोप. दुसऱ्यावर काय आरोप आहे, ते आमच्यापैकी कोणाला नीट माहीतसुद्धा नव्हतं. दादाला पण नाही. त्याने कुठेतरी ऐकलं होतं, बस!

मिठाच्या पुड्यांचं पानिपत

पाचव्या दिवशी तो लंचला आला तो हातात लायब्ररीचं जाडजूड पुस्तक घेऊनच. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. मूळ इंग्रजी १९४६ चं, मराठी १९६१ चं. चार रात्री जागून वाचलं होतं म्हणे. डबा उघडायच्या आधी त्याने टेबलावरच्या मिठाच्या पुड्या, लिंबाच्या फोडी आणि माझी रायत्याची वाटी ओढून घेतली आणि लढाई मांडली. (रायतं मला परत मिळालं नाही.)

पुस्तकाबिस्तकाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी ती लढाई थोडक्यात सांगते. १४ जानेवारी १७६१, बुधवार. मराठे आणि अब्दाली ऑक्टोबरच्या अखेरीपासून पानिपतच्या मैदानावर समोरासमोर बसलेले. मराठ्यांच्या छावणीतलं धान्य संपलेलं, जनावरं मरतायत, सोबत बायकापोरं आणि यात्रेकरूंचा मोठा लबाजमा. शेवटी ठरलं की 'गोल' करून बाहेर पडायचं. म्हणजे फौजेचा मोठा चौकोन, बाहेरून तोफा आणि बंदुका, आत बिनलढाऊ माणसं, आणि सगळ्यांनी मिळून हळूहळू यमुनेकडे सरकायचं. ही पद्धत गारद्यांच्या सरदाराची, इब्राहिमखानाची. त्याचे गारदी डाव्या बाजूला होते. त्यांच्या लगत दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचं घोडदळ. समोर रोहिले.

पानिपतावरच्या बहुतेक पुस्तकांत येणारी हकीकत अशी की, गारद्यांनी सकाळी रोहिल्यांना अक्षरशः झोडपून काढलं. रोहिले मागे हटताना दिसले आणि गायकवाड-विंचूरकरांच्या स्वारांना राहवलं नाही. त्यांनी घोडे घातले. ते थेट आपल्याच तोफांच्या पुढ्यात आले, तोफा बंद कराव्या लागल्या, रोहिल्यांनी बंदुका रोखून स्वारांना मागे रेटलं आणि गोलाला भगदाड पडलं.

म्हणजे लिंबाची फोड पुढे गेली आणि रायत्याची वाटी गप्प झाली.

"आता सांग," तो दादाला म्हणाला, "ह्यात फितुरी कुठे आहे?"

दादा म्हणाला, "फितुरी नाही, पण माती तर केली ना? थांबायला सांगितलं होतं, थांबले नाहीत."

"कोणी शिकवलं होतं थांबायला? विठ्ठल शिवदेव तेव्हा साठी उलटलेला माणूस. आयुष्यभर घोड्यावर. शत्रू पळाला की पाठलाग करायचा, हे अंगात भिनलेलं. गोल ही त्याच्यासाठी नवी प्रोसेस. तुम्ही प्रोसेस बदलता, ट्रेनिंग देत नाही, आणि वर्षाच्या शेवटी अप्रेझलमध्ये खापर त्याच्यावर!"

टेबलावर एकदम शांतता. कारण त्याच महिन्यात आमच्या ऑफिसात नवं टूल आलं होतं, ट्रेनिंग एका पीडीएफमध्ये उरकलं होतं, आणि अप्रेझल पुढच्या महिन्यात होतं! अठराव्या शतकातला घोडेस्वार अकराच्या अकरा जणांना एकाच वेळी पटला.

पण दादाही काही कच्चा नव्हता. त्या रात्री त्यानेही घरी जाऊन वाचलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो नवा मुद्दा घेऊन आला. डावी बाजू शाबूत राहिली असती तर निदान लढत लढत मागे सरायला आडोसा राहिला असता, यमुना गाठता आली असती, तोफा बंद पडल्या तिथेच डाव फसला. यावर आमच्या मित्राचं उत्तर तयार. गोल फुटला सकाळी. विश्वासराव गोळी लागून पडला दुपारी. मध्ये भाऊसाहेबांनी अब्दालीच्या मधल्या फळीला पार रेटत नेलं होतं. तेवढ्यावरच हरलो असतो, तर दुपारपर्यंत लढलो कसे? अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या तोफा, त्या बाहेर काढल्यावर पारडं फिरलं. आपल्याकडे राखीव काय होतं? उपाशी घोडे.

हे असं आठवडाभर चाललं. आणि मी प्रामाणिकपणे सांगते, पिक्चरवरून झालेला इतका भन्नाट वाद मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यात पिक्चर कुठेच उरला नव्हता ही गोष्ट वेगळी! ओरडाआरडा संपला होता. एक जण बोलताना दुसरा ऐकत होता, कारण ऐकल्याशिवाय खोडणार काय?

शुक्रवारी आमच्या मित्राने स्वतःहूनच एक गोष्ट कबूल केली. "दादा, आमचा माणूस चुकला. सगळं वाचल्यावर मला तरी असंच वाटतं. त्याने गोल सोडायला नको होता. पण तू 'चुकला' म्हण. 'घालवलं' हा शब्द मागे घे. आणि शिर्क्यांच्या पंक्तीला बसवू नकोस."

दादाने मान डोलावली. "घेतला" असं तो म्हणाला नाही. सीनियर माणूस, एवढ्यात कसं म्हणेल? पण त्याने स्वतःच्या डब्यातली मटारची उसळ पुढे सरकवली.

लगेच सगळं छान झालं असं वाटत असेल तर एक आठवण करून देते. त्याच मार्चमध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल उसळली, कर्फ्यू लागला, एकाचा जीव गेला. 'छावा'मुळे लोकांच्या भावना पेटल्या, असं मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'हर हर महादेव'चा शो ठाण्याच्या एका मॉलमध्ये बंद पाडला गेला, तेव्हा मार खाल्ला तो तिकीट काढून आलेल्या एका प्रेक्षकाने. आमच्या टेबलावर रायत्याच्या वाटीवर निभावलं, एवढंच.

तीनपाटीवरचा चहा

मे महिन्यात त्याच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. आम्ही चौघं विंचूरला गेलो. दादासुद्धा! ("बघू तरी हे गाव" असं म्हणत.)

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की साठेक किलोमीटरवर विंचूर. द्राक्षाचे मांडव मागे पडतात आणि कांद्याच्या चाळी सुरू होतात. एमआयडीसीचा वाइन पार्कही इथलाच, त्यामुळे आमच्यातल्या एकीला गाव आधीच ओळखीचं वाटत होतं. पण गावाची खरी नाडी म्हणजे कांदा. लासलगाव अगदी जवळ, आणि त्या बाजार समितीचं उपबाजार आवार विंचूरलाच. मे म्हणजे उन्हाळ कांद्याचे दिवस. लिलावासाठी ट्रॅक्टरची रांग लागलेली, हवेत तो वास, आणि ऊन असं की दादाचा गॉगल नाकावर टिकेना.

मला वाटलं होतं, गावात कोणीतरी विठ्ठल शिवदेवांबद्दल छाती फुगवून बोलेल. किंवा रागावेल तरी. पुण्यात विंचूरकर म्हटलं की सदाशिव पेठेतला विंचूरकर वाडा, टिळकांनी १८९४ मध्ये तिथे बसवलेला गणपती, हे लगेच आठवतं. (आणि सदाशिव पेठ कोणाच्या नावाची? सदाशिवरावभाऊंच्या! ज्या भाऊंचा गोल मोडल्याचा ठपका, त्यांच्याच नावाच्या पेठेत वाडा. हे दादाच्या लक्षात आलं तेव्हा तो गाडीत पाच मिनिटं एकटाच हसत होता.) पण इथे तीनपाटीवर चहा पिताना कोणालाच त्या विषयाची घाई नव्हती. भाव काय फुटला, एवढंच चाललेलं.

शेवटी आमच्या मित्रानेच शेजारच्या बाकावरच्या एका आबांना विचारलं, "आबा, पानिपतात आपले विंचूरकर रांग सोडून पुढं गेले म्हणत्यात. खरं का?"

आबांनी बशीतला चहा संपवला. मग समोरच्या ट्रॅक्टरच्या रांगेकडे हात केला.

"ती लाइन बघितली? सकाळी सहापासून उभी हाय. एकानं ट्रॅक्टर बाजूनं काढून पुढं घातला ना, की मागची धा पोरं घालत्यात. त्यांना काय बाजार मोडायचा असतो का? भाव पडंल ह्याचं भ्या असतं. पण मोडतो बाजार."

"म्हणजे चूक त्यांचीच?" दादाने संधी साधली.

"चूक हायेच की," आबा म्हणाले. "पण लाइन लावणारा बी कुठं हुता? त्याला इचारा."

दादा वहीच काढणार होता बहुतेक. मित्र मात्र गप्प बसून बशीकडे बघत होता. परतताना गाडीत तो म्हणाला की आबांनी एका मिनिटात जे सांगितलं, त्यासाठी त्याने चार रात्री जागून पुस्तक वाचलं. आणि मग थोड्या वेळाने, "मी उगाच त्या दिवशी डबा बंद केला. गावाला तर काही वाटलंच नव्हतं."

मला ते पूर्ण पटलं नाही. आबा गावात राहतात. त्यांना विंचूर सिद्ध करावं लागत नाही. हा हिंजवडी-बाणेर करत राहतो, रूममेट सोलापूरचा, मॅनेजर बेंगळुरूचा. त्याच्याजवळ विंचूर म्हणून जे काही आहे, ते डब्यातली बाजरीची भाकरी आणि ते नाव. त्याच नावावर अकरा जण एकदम हसले, तर डबा बंद होणारच! तुमचं गाव कोणतं हे मला माहीत नाही, पण तुम्हीही केला असता. माझं गाव कुठल्याच लढाईत नाही, याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं आणि मग थोडं वाईटही.

विठ्ठल शिवदेव पानिपतातून जिवंत परतले आणि १७६७ मध्ये गेले. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये, दमाजी गायकवाड १७६८ मध्ये. पानिपताचा ठपका ज्यांच्यावर येतो ते हे तिघंही परत आलेले. जे तिथेच पडले त्यांना कोणी जाब विचारला नाही, आणि हे आमच्या मित्राने दादाला सांगायचं राहूनच गेलं होतं. ते त्याने चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सांगितलं. दादाने पुढचे दोन किलोमीटर हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

माझं कॉन्ट्रॅक्ट नंतर संपलं. पण टेबल अजून चालू आहे आणि मी मध्येच कधीतरी फुकटचा डबा खायला जाते. आमच्या मित्राचं नाव सगळ्यांच्या फोनमध्ये आता 'विंचूरकर' असंच सेव्ह आहे. त्याने ते बदलायला सांगितलेलं नाही. संक्रांतीच्या दिवशी दादा तिळगुळाचा डबा घेऊन आला, सगळ्यांना वाटत वाटत टेबलाच्या टोकाला पोचला आणि त्याच्या हातावर दोन लाडू ठेवून म्हणाला,

"तिळगूळ घे. आणि गोल सोडू नकोस!"

"आधी ट्रेनिंग द्या," विंचूरकर म्हणाला आणि त्याने दोन्ही लाडू एकदम तोंडात टाकले.